तिला पूर्वीसारखी करायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

पत्र मुलुंडहून एका आईचं आहे. मुलगी चौदा वर्षांची, नववीत, सेमी इंग्रजीला. आई बँकेत, वडील खासगी नोकरीत, घरात आजी. आठवीपर्यंत मुलगी पहिल्या पाचात असायची, घरभर गाणी म्हणत फिरायची, 'कधी म्हणून त्रास दिला नाही'. जूनपासून तिला घाटकोपरच्या एका मोठ्या क्लासला घातलं. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी क्लास, दर रविवारी टेस्ट. सहामाहीच्या आधीपासून सकाळी पोटात दुखायला लागलं. दिवाळीच्या सुट्टीत घरात सगळ्यांनी मिळून 'इनसाइड आउट २' पाहिला. डिसेंबरात एका टेस्टला ती बसली असताना धाप लागली, छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली. क्लासमधून फोन आला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. त्यानंतरचे दोन रविवार ती टेस्टला गेलेली नाही. विचारलं की म्हणते, "माझ्या डोक्यात ती केशरी ॲन्झायटी बसलीय, मी काय करू?" वडील म्हणतात, हे सिनेमातून आलेलं खूळ आहे. आजी म्हणतात, दृष्ट लागली. मध्यंतरी आईनं मुलीचं कपाट आवरायला काढलं, तर कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली गणिताच्या टेस्टचा पेपर सापडला. चौघडी घातलेला, २५ पैकी ९. आईनं तो पुन्हा तिथंच ठेवला आणि कुणाला काही बोलली नाही.

आईचे प्रश्न असे : हे सिनेमामुळे झालं का? क्लास सोडवावा का? समुपदेशकाकडे नेलं तर मुलीवर कायमचा शिक्का बसेल का? आणि शेवटी लिहिलं आहे, "मी घरात नकारात्मक बोलणं चालूच देत नाही. तिला सतत आनंदी ठेवलंय. मला माझी पूर्वीसारखी मुलगी परत हवी आहे."

ताई, सिनेमाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तुमच्या घरातली भांडणं सध्या त्याच्यावरूनच चाललेली दिसतात. तुम्हीच लिहिलेला क्रम बघा. पोटदुखी सहामाहीच्या आधीची आणि सिनेमा दिवाळीतला. म्हणजे त्रास आधी आला, त्याला नाव नंतर मिळालं. नाव मिळाल्यानं दुखणं जडत नाही. उलट पोटात दुखतंय एवढंच सांगणारी मुलगी आता 'मला भीती वाटते' याच्या जवळपास जाणारं काहीतरी सांगू लागली आहे. हे मला चांगलंच वाटतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिक्सारचा हा सिनेमा जून २०२४ मध्ये आला, २०१५ च्या सिनेमाचा दुसरा भाग. रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात भावनांचं एक नियंत्रण-कक्ष आहे. पहिल्या भागात ती अकराची होती आणि तिथं जॉय (आनंद), सॅडनेस (दुःख), अँगर (राग), फिअर (भीती), डिसगस्ट (किळस) हे पाच जण काम बघत होते. दुसऱ्या भागात ती तेराची होते. एका रात्रीत कामगार येऊन तो कक्ष तोडफोड करून मोठा करतात आणि चार नवीन मंडळी सामान घेऊन दाखल होतात. त्यांतली पुढारी म्हणजे केशरी रंगाची, केस उभे राहिलेली ॲन्झायटी, म्हणजे चिंता. सिनेमा करताना डॅकर केल्टनर आणि लिसा डॅमूर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. डॅमूर यांनी किशोरवयीन मुलींवरच बरंच लिहिलं आहे. त्यामुळे 'कार्टून बघून आलेलं खूळ' म्हणून वडिलांना ते झटकून टाकता येईल असं मला वाटत नाही.

पण वडिलांच्या म्हणण्यात एक कण खरा आहे आणि तो सोडून देऊ नये. नाव मिळालं की त्याच्या आड लपताही येतं. 'ॲन्झायटी बसलीय, मी काय करू' या वाक्यातला दुसरा भाग मला खटकतो. खोलीचं दार आतून लावून घेतल्यासारखा आहे तो. तेव्हा ती असं म्हणाली की 'असं काही नसतं' म्हणून खोडू नका, आणि 'अरेरे, माझं बाळ' म्हणून कवटाळूही नका. सरळ विचारा, "बरं, ती काय म्हणतेय आत्ता? कशाबद्दल?" ॲन्झायटीला विषय असतो. रविवारची टेस्ट, त्यातही गणित, त्यातही शेजारच्या मुलीनं पेपरात डोकावून गुण बघणं. इथपर्यंत पोचलात की त्या केशरी बाईशी बोलता येईल एवढी ती लहान होते.

आता जरा अवघड बोलते. तुमच्या पत्रात ॲन्झायटीला तुम्ही खलनायिका ठरवलंय. मी मात्र तो सिनेमा पाहताना सगळ्यात जास्त जॉयकडे बघत होते. आठवतं का, सुरुवातीलाच तिनं एक यंत्र बसवलेलं असतं. रायलीची एखादी लाजिरवाणी, नकोशी आठवण आली की जॉय ती त्या नळीत टाकते आणि ती सुसाट मनाच्या पार मागच्या कोपऱ्यात जाऊन पडते. हेतू वाईट नाही. मुलीला त्रास नको, तिनं स्वतःला चांगली समजावं, एवढंच. चांगल्या निवडक आठवणींतून मग एक 'मी' तयार होतो आणि तो एकच वाक्य घोकत राहतो : मी चांगली आहे. हा 'मी' सुंदर दिसतो, पण एका फटक्यात जागेवरून हलवला जातो, कारण त्यात हरलेलं, चुकलेलं, वाईट वागलेलं काहीच नसतं. पुढे ॲन्झायटीनं जो 'मी' घडवला तो 'मी पुरेशी चांगली नाही' असं म्हणायला लागतो. दोन्ही एकेका वाक्याचेच.

तुम्ही लिहिता, घरात नकारात्मक चालू देत नाही. पाहुण्यांसमोर कौतुक कसं होतं तेही लिहिलंय, 'आमची कधी म्हणून त्रास देत नाही'. आता चौदा वर्षांच्या मुलीच्या बाजूनं बघा. जिनं कधी त्रास दिलेला नाही, तिच्या हातात २५ पैकी ९ आले. हे घेऊन ती कुणाकडे जाणार? घरात त्याला जागाच नाही. मग तो पेपर वर्तमानपत्राखाली जातो. आणि ताई, तो तुम्हाला सापडला तेव्हा तुम्हीही तो तिथंच परत ठेवलात. मी दोष देत नाही. त्या क्षणी कुणालाही तेच सुचलं असतं. पण घरात दोन माणसांना एकच गोष्ट माहीत आहे आणि दोघीही ती लपवताहेत, हे पोटदुखीला पुरेसं कारण आहे.

तो पेपर बाहेर काढायचा, पण पुरावा म्हणून नाही. 'हे काय आहे?' असं विचारून समोर धरू नका. रात्री भांडी आवरताना, ती शेजारी असेल तेव्हा, तिच्याकडे न बघता म्हटलंत तरी चालेल, "कप्पा आवरताना तुझा गणिताचा पेपर दिसला. मी बघितला. मला राग नाही आला. तुला तो एकटीनं सांभाळावा लागला याचं मात्र वाईट वाटलं." मग गप्प बसा. ती रडेल, चिडेल, 'माझ्या कपाटाला हात का लावलास' म्हणेल. तो राग रास्त आहे, त्याबद्दल माफी मागा. कुठल्या प्रश्नात चुकलं, पुढच्या वेळी किती आणशील, हे त्या रात्री काढू नका. चार दिवसांनी ती स्वतः पेपर घेऊन बसली तर बसा सोबत.

घरात नकारात्मक बोलणं सुरू करायचं तर तुमच्यापासून करा. आज बँकेत हिशेब जुळायला उशीर झाला, मॅनेजर सगळ्यांसमोर बोलले, गाडीत उभं राहून यावं लागलं, वैताग आलाय, असं जेवताना सांगा. आणि सांगून झाल्यावर भात वाढून घ्या. आईला वैताग येतो आणि मग आई जेवते, हे मुलीला दिसलं पाहिजे. आपल्याकडे आया एकतर काहीच सांगत नाहीत, नाहीतर सगळं एकदम सांगून टाकतात, 'तुझ्यासाठीच तर हे सगळं चाललंय' या शेपटासकट. ते शेपूट तेवढं गाळा.

पूर्वीसारखी मुलगी परत हवी, या तुमच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. सिनेमात जॉयचीही सगळी धडपड तीच असते, रायलीचा जुना 'मी' शोधून परत जागेवर बसवायचा. शेवटी कळतं की तो बसवून भागणार नाही. मग जो नवा 'मी' तयार होतो तो एकमेकांना छेद देणाऱ्या वाक्यांचा : मी चांगली आहे, मी स्वार्थीही आहे, मला सगळ्यांत मिसळायचंय, मला माझ्यासारखं राहायचंय. घरभर गाणी म्हणणारी मुलगी आठवीत होती. नववीतली मुलगी बाथरूममध्ये नळ सोडून गाणं म्हणेल, किंवा वर्षभर म्हणणारच नाही. त्यातलं काही वयाचं आहे, काही क्लासचं आणि थोडं घरातलं. वयाचं आहे ते तुम्हाला दुरुस्त करायचं नाहीये. मेंदूतला विचार करून ब्रेक लावणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. भावनांचा भाग मात्र या वयात जोरात असतो. त्यामुळे आज दार आपटलं आणि उद्या मांडीवर डोकं ठेवलं, तर दोन्ही तिचंच.

आता तुमच्याबद्दल. रात्री दोनला जाग येते असं लिहिलंत, आणि मग एकामागून एक काय काय दिसतं तेही. नववीत ढेपाळली तर दहावीचं काय, दहावीत नव्वद नाही पडले तर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात चांगलं कॉलेज कसं मिळणार, मग सीईटी, मग लोक काय म्हणतील. सिनेमात हुबेहूब हे दृश्य आहे. कल्पनेच्या राज्यात ओळीनं चित्रकार बसवलेत आणि ॲन्झायटी त्यांच्याकडून उद्या काय काय वाईट होऊ शकतं याची चित्रं काढून घेतेय, रात्र जागवून. तुमच्या घरातली जास्त मेहनती ॲन्झायटी कुणाची, हे तुम्हीच ठरवा. मुलगी ट्रेनमध्ये असताना तीन फोन, लाइव्ह लोकेशन, 'पोचलीस का', 'खाल्लंस का', 'पेपर कसा गेला' हे दार उघडल्याउघडल्या. यातला प्रत्येक प्रश्न प्रेमाचा आहे. पण मुलीपर्यंत पोचतं ते एवढंच : आईला वाटतंय की काहीतरी बिघडणार आहे. एक फोन ठेवा, पोचल्याचा. आणि दार उघडल्यावर अर्धा तास अभ्यासाचं काहीही नाही. करमत नसेल तर पोहे करा.

डिसेंबरात जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नक्की काय ते समोर बघून डॉक्टरच सांगतील, पण ईसीजी आणि रक्त नीट आहे हे चांगलं. अशा झटक्यात शरीराची धोक्याची घंटा खोटीच वाजते. हृदय जोरात पळतं, श्वास उथळ आणि भरभर होतो, भरभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं बोटं, ओठ मुंग्या आल्यासारखे बधिर होतात. जीव चाललाय असं वाटतं. साधारण दहा मिनिटांत तो चढून शिखर गाठतो आणि मग उतरायला लागतो. मुलीला हे कागदावर काढून समजावा. 'काही होत नाही' यापेक्षा 'हे होतं, असं होतं, आणि उतरतं' याचा आधार जास्त वाटतो. फक्त हे आधी, शांत असताना. त्या दहा मिनिटांत समजावण्याचा काही उपयोग नाही.

त्या वेळी शेजारी बसा. चार माणसं भोवती नकोत, तोंडावर पाणी मारणं नको, तोंडाला पिशवी लावणं तर अजिबात नको. पाय जमिनीला टेकव म्हणा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घ्यायचा, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. हाताला लागेल ते धरायचं, बाकाची कड, ओढणीचं टोक, पाण्याच्या बाटलीचं थंड झाकण, आणि ते कसं लागतंय हे मनात म्हणायचं. रायलीला आइस हॉकीच्या सामन्यात झटका येतो तेव्हा ती खेळातल्या चुकीच्या शिक्षेची दोन मिनिटं मैदानाबाहेर बसलेली असते, आणि ती तिथल्या बाकालाच चाचपते. तेवढा प्रसंग सिनेमानं फार नेमका दाखवलाय. मला खोटं वाटतं ते पुढचं. मैत्रिणी येतात, मिठी होते आणि लगेच ती मैदानात उतरून हसत खेळायला लागते. तुमच्या मुलीला तसं होणार नाही, आणि झालं नाही म्हणून तिनं स्वतःला अपयशी समजू नये, हेही तिला सांगा. झटक्यानंतर माणूस दिवसभर गळून गेल्यासारखा असतो. त्या दिवशी अभ्यास नको, झोप हवी.

एक गोष्ट मात्र त्या प्रसंगातली लक्षात ठेवण्यासारखी. तिथं आईवडील धावत येत नाहीत. मैत्रिणी येतात. तुमच्या पत्रात मुलीच्या एकाही मैत्रिणीचा उल्लेख नाही. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी क्लासमुळे सुटल्या का? शनिवारी संध्याकाळी ती कुणाला भेटते? हे विचारायचंही नसेल तर नुसतं एखादीला घरी जेवायला बोलवा.

क्लासचं बोलू. दोन रविवार ती गेली नाही, हे मला क्लास सोडण्याच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. न गेल्यानं लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेतूनच मन शिकतं की टेस्ट खरोखरच धोक्याची होती. पुढचा रविवार आणखी जड जातो. म्हणून जाणं तुटू देऊ नका, पण जाण्याचं ओझं कमी करा. क्लासच्या सरांना भेटा. लपवाछपवी न करता सांगा, तिला असा त्रास झाला, पुढचे काही रविवार ती दाराजवळच्या बाकावर बसेल, जड वाटलं तर पाच मिनिटं बाहेर जाऊन परत येईल, गुण वर्गात मोठ्यानं सांगू नका. पहिल्या रविवारी ती नुसती बसली आणि अर्धाच पेपर सोडवला तरी पुरे. बाहेर जाऊन परत आत येणं, हीच त्या दिवशीची परीक्षा. सर 'असं चालत नाही आमच्याकडे' म्हणाले, तर क्लास सोडायचा की नाही याचं निम्मं उत्तर तुम्हाला त्यांनीच दिलं.

उरलेलं निम्मं उत्तर घड्याळ देईल. सातला शाळा, म्हणजे उठणं पावणेसहाला. क्लास साडेआठला सुटतो, घाटकोपरहून घरी यायला सव्वानऊ, जेवण, शाळेचा गृहपाठ, झोपायला बारा वाजतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पावणेसहा तास. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला; नववीच्या पोरांनी झोपेचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. रोज दोन-तीन तास झोप कमी पडणाऱ्या मोठ्या माणसालाही घाबरंघुबरं व्हायला होईल, ही तर वाढती मुलगी आहे. माझ्या मते नववीला पाच संध्याकाळ आणि वर रविवार हे सरळसरळ जास्त आहे.

तरीही लगेच क्लासमधून नाव काढू नका. झटक्याच्या पाठोपाठ सोडलं तर ते मुलीच्या डोक्यात 'मला झेपलं नाही' म्हणून कायमचं लिहिलं जाईल. वार्षिक परीक्षेपर्यंत आठवड्यात दोन किंवा तीनच दिवस जाता येईल का बघा, गणित आणि विज्ञानापुरतं. घरी येऊन साडेदहाला दिवा बंद, गृहपाठ अर्धा राहिला तरी. शाळेत चिठ्ठी तुम्ही द्या. मग एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, तिघं बसा आणि दहावीचं ठरवा : हाच क्लास, की मुलुंडमधलाच चालत जाण्यासारखा एखादा लहान क्लास, की काहीच नाही. तिचं मत आधी ऐका आणि ते पटलं नाही तर का पटलं नाही ते सांगा. सोडलाच, तर नातेवाइकांना सांगायचं कारण एकच, 'जाण्यायेण्यात फार वेळ जात होता.' ते खरंही आहे.

सिनेमाच्या शेवटी ॲन्झायटीला कुणी हाकलत नाही. तिला आरामखुर्चीत बसवतात, हातात चहा देतात, आणि जॉय तिला विचारते की या सगळ्यातलं आज आपल्या हातात काय आहे. उद्या स्पॅनिशची परीक्षा आहे, त्याचा अभ्यास. हा प्रश्न तुम्ही रोज संध्याकाळी घरात विचारू शकता, मुलीला आणि स्वतःलाही. अकरावीचा प्रवेश आज हातात नाही. उद्याच्या टेस्टचा एक धडा आहे. काळजीला काम दिलं की ती जरा स्थिर बसते.

शिक्क्याची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय शाळेला कळायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. साठ मुलांच्या वर्गाला हाच हिशेब लावला तर आठेक मुलं. तुमच्या मुलीच्या आजूबाजूच्या बाकांवरही कुणीतरी पोट दाबून बसलेलं असेल.

माझ्या मते तुम्ही एकदा दाखवावंच. झटका पुन्हा आला नाही तरी. शाळेत समुपदेशक असतील तर तिथून सुरू करा. तुमच्यापासून एका स्टेशनावर ठाण्याला आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली, तिथं मराठीतून मोकळेपणानं बोलता येतं. खर्चाचा प्रश्न असेल तर सायन किंवा केईएम रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. नुसतं विचारायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येतं. आणि बहुतेक वेळा या वयात आधी बोलण्याचे उपचार असतात, विचारांची सवय बदलण्याचे. गोळ्या लगेच सुरू होतील या धास्तीनं थांबू नका. गोळ्यांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर घेतात, समुपदेशक नाही. एक दिवसही थांबायचं नाही ते एकाच बाबतीत : जगावंसं वाटत नाही असं ती बोलली, हातावर ओरखडे दिसले, खाणं किंवा झोप अगदीच उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आजींना मीठमोहरी ओवाळायची असेल तर ओवाळू द्या. डोक्यावरून कुणी मायेनं हात फिरवला तर नुकसान काहीच नाही. फक्त 'कुणाची नजर लागली' याचा शोध मुलीसमोर नको, त्यात क्लासमधल्या बिचाऱ्या एखाद्या मैत्रिणीचा बळी जायचा. वडिलांना पटवत बसू नका. हे खूळ आहे की आजार, हा वाद महिनाभर बाजूला ठेवा आणि त्यांना एक काम द्या, क्लासच्या दिवशी रात्री स्टेशनवर घ्यायला जायचं आणि घरी येईपर्यंत अभ्यासाचा विषय काढायचा नाही. सुरुवातीला दोघं गप्प चालतील. चालू देत.

डॉक्टरांकडे नेताना मुलीला आदल्या दिवशीच सांगा कुठे आणि कशाला जातोय. 'ठाण्याच्या तलावपाळीला फिरायला जाऊ' म्हणून नेऊ नका, पुढच्या वेळी ती तुमच्याबरोबर खरोखरच्या तलावपाळीलाही यायची नाही. पहिल्या भेटीत थोडा वेळ तुम्हाला बाहेर बसायला सांगतील, बसा. ती बाहेर आली की 'काय विचारलं, तू काय सांगितलंस' नको. भूक लागली का विचारा. सांगावंसं वाटलं तर मुलुंड यायच्या आत सांगेल, नाहीतर पुढच्या आठवड्यात.